सोनकीचे छायाचित्र: शरद ऋतू, कॅमेरा आणि हौशी माणसांचा इतिहास

मुळशी हे नाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. एक, १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला सत्याग्रह. दुसरी, त्या सत्याग्रहाला जे थांबवता आले नाही ते टाटांचे धरण. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कड्यांपासून बरेच दूर, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीला टेकून जांबे हे गाव आहे. शेजारी पुनावळे, मारुंजी आणि नेरे. थोडे पुढे कासारसाईचे धरण. आणि हाकेच्या अंतरावर हिंजवडीचा आयटी पार्क. येथे अभयारण्य नाही, किल्ला नाही, प्रसिद्ध धबधबाही नाही.

तरीही भाद्रपद सरत आला की या पट्ट्यातील माळ आणि बांध पाहण्याजोगे होतात. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, कुर्डूचे पांढरट-गुलाबी तुरे, ओलसर खडकावर नभाळीची जांभळी नक्षी. गवताच्या दोन काड्यांमध्ये जाळे विणून मधोमध बसलेला कोळी. तारेवर खाटीक, पाण्याच्या कडेला नुकताच उत्तरेकडून आलेला धोबी. सुट्टीच्या सकाळी कोणी मोठी भिंग लावलेला कॅमेरा घेऊन येतो, कोणी नुसता मोबाइल. हा छंद आता इतका सोपा झाला आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. तो आहे, आणि जवळपास पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यातील पहिली काही दशके तर कॅमेऱ्याला जिवंत पाखरू टिपणे जवळजवळ अशक्यच होते.

ऑक्टोबर १८५४. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ही पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. सभासद बहुतेक कंपनी सरकारचे गोरे अधिकारी आणि व्यापारी होते, परंतु त्यांच्यात दोन मराठी बोलणारे भाऊही होते: डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत आणि संस्थेच्या प्रदर्शनात मांडत. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर वनौषधींचा उपचार शोधण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. वनस्पतींचे वेड आणि प्रकाशचित्रांचे वेड ही दोन्ही एकाच घरात नांदत होती.

याच काळात, १८५६ पासून, जॉन्सन आणि हेंडरसन या मुंबईतील दोघांनी छायाचित्रांचे एक मासिक काढले. त्याच्या नावात ‘इंडियन अमॅच्युअर्स’ असे शब्द होते. अमॅच्युअर म्हणजे हौशी. आज हा शब्द थोडा उणेपणा दाखवणारा वाटतो. त्या वेळी तो मिरवण्याचा शब्द होता. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी काम करणारा सद्गृहस्थ, असा त्याचा अर्थ. मराठीतील ‘हौस’ या शब्दात मात्र उणेपणा कधीच नव्हता. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो ते कौतुकानेच.

मग या हौशी मंडळींनी पुण्या-मुंबईच्या शरदातील फुले आणि पाखरे का टिपली नाहीत? उत्तर तंत्रात आहे. त्या काळची मुख्य पद्धत होती ओल्या काचेची. इथर आणि मद्यार्कात विरघळवलेल्या कापसाच्या स्फोटक दारूचा चिकट थर काचेवर ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि थर सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. ऑक्टोबरच्या उन्हात इथर भराभरा उडून जाई आणि ती वेळ आणखी आक्रसे. म्हणजे बाहेर चित्र काढायचे तर काचांची पेटी, रसायनांच्या बाटल्या, पाणी, तंबू आणि हे सारे वाहणारे मजूर, एवढा लवाजमा हवा. शिवाय चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात फुलपाखरू चार फुलांवरून जाऊन येते आणि तेरड्याचे फूल वाऱ्यावर दहा वेळा डोलते. स्थिर राहतील अशाच गोष्टी कॅमेऱ्यासमोर टिकत: लेणी, देवळे, किल्ले, आणि मान मागच्या आधाराला टेकवून श्वास रोखून बसलेली माणसे.

प्राणी कॅमेऱ्यात आले ते आणखी एका अर्थाने स्थिर होऊन आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील हिंदुस्थानी छायाचित्रांत वाघ दिसतो तो मेलेला. त्याच्या अंगावर बूट टेकवून किंवा त्याच्यामागे बंदूक घेऊन साहेब आणि संस्थानिक उभे असतात. राजा दीनदयाळ यांच्यासारख्या श्रेष्ठ छायाचित्रकारानेही निजामाच्या दरबारी नोकरीत अशी शिकारीची चित्रे काढली. १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानात लॉर्ड कर्झन मारलेल्या वाघासह उभा असलेले चित्र आजही अनेक पुस्तकांत भेटते. हा दीनदयाळांचा दोष नव्हे. जिवंत वाघ रानात टिपण्याचे साधनच तेव्हा कोणाच्या हाती धड नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना तसे चित्र हवेही नव्हते.

साधन बदलले ते १८७१ नंतर. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा थर दिलेली कोरडी काच शोधली. तयार काचा पेटीत भरून नेता येऊ लागल्या, तंबू गेला, मजूर गेले. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा गुंडाळीसह आला आणि हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये कीअर्टन बंधूंनी घरट्यांची छायाचित्रे काढून १८९५ मध्ये पुस्तकच छापले. पाखरांना संशय येऊ नये म्हणून या भावांनी पुढे पोकळ बैल बनवून त्याच्या पोटात बसून चित्रे घेतली. आपल्याकडच्या पोळ्याच्या मातीच्या बैलाला हा मान मिळाला नाही, एवढेच.

हिंदुस्थानात वळण आले ते १९२० च्या दशकात. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने शिवालिकच्या रानात वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाचा झोत पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढे. १९२५ मध्ये ही चित्रे लंडनमध्ये छापली गेली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. बंदुकीऐवजी कॅमेरा धरण्याची प्रेरणा चॅम्पियनपासून मिळाल्याचे जिम कॉर्बेटने स्वतः लिहून ठेवले आहे. आजचे जंगलातील ‘कॅमेरा ट्रॅप’ हे त्याच तारेचे वंशज होत.

पक्ष्यांच्या बाबतीत प्रगती हळू होती, आणि तिची एक सावली अजून सरलेली नाही. फिल्म मंद होती, भिंगे आखूड होती. उडत्या पाखराचे चित्र मिळणे अशक्य, म्हणून छायाचित्रकार घरट्यापाशी जात. कारण पाखरू तेथे परत परत येणारच. लपण बांधायचे, घरट्याभोवतीची पाने बाजूला करायची आणि तासन् तास बसायचे, ही तेव्हाची मान्य रीत. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो हे दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आश्रयाला आले, मुंबईत सालिम अलींच्या सहवासात रमले आणि पुढे आशियातील नामवंत पक्षी-छायाचित्रकार झाले. त्यांच्या पिढीची अनेक उत्तम चित्रे घरट्यांवरचीच आहेत. आज लांब भिंगे असूनही काही जण घरट्यापाशीच जातात. पाने कापल्यामुळे पिले उघडी पडतात आणि कावळा, साप किंवा ऊन त्यांना संपवते. जुन्या माणसांकडे निदान साधनाच्या अभावाचे कारण तरी होते.

फुलांची कथा वेगळी आहे, आणि जांब्याच्या माळाशी अधिक जवळची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ जणांनी एकत्र येऊन आपापल्या नोंदी आणि नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच मूळ हेतू होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा महाग्रंथ प्रसिद्ध केला. अजूनही अभ्यासक तो उघडतात. परंतु या साऱ्या ज्ञानाचा पाया होता दाबून वाळवलेला नमुना. कागदावर चिकटवलेली तपकिरी काडी. त्यावरून पाकळ्या मोजता येतात, पानांची कड तपासता येते. पण सीतेच्या आसवांचा निळा रंग, कवल्याच्या फुलावरचे तांबडे ठिपके, पहाटेच्या दवात वाकलेली गेंदाची गुंडी यांतले काही उरत नाही. सामान्य माणूस असा ग्रंथ हातात घेऊन माळावर जाऊ शकत नव्हता. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ च्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचा निसर्ग मराठी वाचकाला शब्दांनी दाखवला. पण दिसलेल्या फुलाचे नाव शोधायचे, तर त्याचा खरा रंग दाखवणारे पुस्तक हवे होते.

रंगीत फिल्म आली तरी ती परदेशी, महाग, छत्तीस चित्रांची. एक फूल टिपताना वाऱ्याने दगा दिला तर छत्तिसांतले एक गेले. धुऊन यायला आठवडे लागत. त्या काळात जे लोक दर रविवारी सह्याद्री चढून फुले टिपत, त्यांच्यात विद्यापीठातील प्राध्यापकांइतकेच अभियंते, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी होते. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे त्यातले ठळक नाव. शिक्षणाने अभियंते, वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. २००१ मध्ये त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आले: उत्तर सह्याद्रीतील ५०० फुलांची, रंगीत छायाचित्रांसह, झोळीत मावेल अशी ओळख. २००७ मध्ये त्याचा पुढचा भाग निघाला. कुकच्या ग्रंथाला शंभर वर्षे होत असताना माळावरच्या माणसाच्या हाती अखेर असे पुस्तक आले, आणि ते एका हौशी माणसाने दिले.

त्याच सुमारास इतरही कामे झाली. २००० मध्ये पुण्यात वाढलेल्या कृष्णमेघ कुंटे यांचे दक्षिण भारतातील फुलपाखरांवरचे पुस्तक आले. २००३ मध्ये पुण्याचे डॉ. सतीश पांडे आणि सहकारी यांनी पश्चिम घाट, कोकण व मलबारच्या पक्ष्यांचे छायाचित्रांनी भरलेले पुस्तक काढले. २००८ मध्ये आयझॅक किहिमकरांचा भारतीय फुलपाखरांवरचा ग्रंथ आला. त्यांच्या आडनावातले किहीम हे अलिबागजवळचे तेच गाव, जेथे १९३० मध्ये सालिम अलींनी सुगरणीच्या विणीचे कोडे उलगडले होते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने नीलवंताला राज्य फुलपाखरू घोषित केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. फुलपाखरू लोकांच्या इतके ओळखीचे झाले होते ते या हौशी छायाचित्रांमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

शरदच का, याचे उत्तर कॅमेरा धरणाऱ्या कोणालाही देता येईल. पुण्याकडून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते, सूर्य दक्षिणेकडे कलू लागलेला असतो, सकाळी दव असते. पावसाळ्यात वाढलेल्या गवताला फूल आणि बी धरण्याची घाई असते. त्यावर कीटक, कीटकांवर कोळी आणि पाखरे. शिवाय थंडीचे पाहुणे याच वेळी येतात: धोबी, गप्पीदास, भोरड्यांचे थवे, दसऱ्याच्या सुमारास दिसणारा नीलपंख. गणपतीपाठोपाठ येणाऱ्या गौरींना काही भागांत तेरड्याच्या रोपांच्याच गौरी मांडतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण छायाचित्रकाराने विशेष लक्षात ठेवावी, कारण पुढच्या रविवारी तो बांध तसा असेलच असे नाही.

घरच्या जनावरांनाही याच दिवसांत सजण्याचा मान आहे. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत पोळा श्रावणात नव्हे तर भाद्रपदी अमावास्येला असतो. शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. आश्विनात वसुबारसेला गाय-वासराची पूजा. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतल्यावर पोळ्याच्या दिवशी काढलेले खिलार जोडीचे चित्र हे कुटुंबाच्या अल्बमातले महत्त्वाचे पान होऊन बसले आहे. ज्या घरात आजोबांचे एकच छायाचित्र आहे, त्यात ते पुष्कळदा बैलाचा कासरा धरून उभे असतात.

या चित्रांचे मोल किती, याचे एक उदाहरण पुण्यातलेच आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या पडीक जागांवर पांढऱ्या फुलांचे एक अनोळखी झुडूप दिसू लागले. बोटॅनिकल सर्व्हेच्या आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतासाठी नवी म्हणून नोंद केली. हेच ते गाजर गवत, लोकांच्या तोंडी ‘काँग्रेस’. पुढे त्याने देशभरची राने आणि शेते व्यापली. एका छोट्या टिपणामुळे आपल्याला आज सांगता येते की ते पुण्यात कधी ध्यानात आले. आता विचार असा करावा: त्या वेळी पुण्याच्या माळावर त्याच्या जागी आधी काय फुलत होते? त्याचे उत्तर देणारी तारीख-ठिकाणासह काढलेली रंगीत चित्रे हजारोंनी असती, तर काय हरवले ते नेमके सांगता आले असते. ती नाहीत, कारण काढणारेच नव्हते.

आज काढणारे आहेत. २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, तो १५,५०० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा होता. बहुतेक सारे हौशी. कोणत्या पक्ष्यांची संख्या घटते आहे हे सरकारी पगाराशिवाय, स्वतःच्या पेट्रोलवर फिरणाऱ्या माणसांच्या रविवारांतून समजले. मात्र नोंदीला तारीख आणि ठिकाण हवे. नुसते सुंदर चित्र, कुठले आणि कधीचे हे न सांगता फिरणारे, अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुके असते.

ठिकाण सांगण्याचीही किंमत असते, हे कास पठाराने शिकवले. साताऱ्याजवळचे हे पठार अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होते. पण डिजिटल कॅमेऱ्याने त्याची चित्रे घरोघर नेली आणि जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचे नाव आले, तेव्हा सप्टेंबरच्या सुट्ट्यांना तेथे मोटारींच्या रांगा लागू लागल्या. फुलांत बसून स्वतःचे चित्र काढण्यासाठी लोक फुलांवरच बसले. मग शुल्क आले, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाच्या संख्येवर मर्यादा आली. अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायद्याने छायाचित्रणाला परवाना लागतोच, आणि २०२२ च्या सुधारणेने अधिवासात बदल न करण्याची अटही त्यात स्पष्ट घातली.

जांब्याच्या माळाला असे कोणतेच कवच नाही. तेथे शुल्क घेणारा नाही आणि अडवणारा वनरक्षकही नाही. कासला माणसांच्या पावलांचा धोका आहे. येथे तो इमारतींच्या पायाचा आहे. पुनावळे महापालिकेत गेले, मारुंजी आणि जांब्याभोवती गृहप्रकल्प उभे राहत आहेत. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांवर सोनकीच्या शेजारी नारिंगी कॉसमॉस फुललेला दिसतो. तो अमेरिकेतून बागेसाठी आणलेला आणि बागेतून निसटलेला. छायाचित्रात तो फार सुरेख येतो, आणि फुलांचे ताटवे म्हणून फिरणाऱ्या पुण्याच्या कितीतरी चित्रांत सोनकी नसून तोच असतो. दोन्ही फुले पिवळ्या-केशरी कुळातली वाटतात, पण पान पाहिले की फरक कळतो: सोनकीचे पान अखंड, कडेला दातेरी, कॉसमॉसचे झेंडूसारखे चिरलेले.

कार्तिकात गवत पिवळे पडते आणि कापणी सुरू होते. तेरड्याच्या शेंगा बोट लागताच फुटून बी उडवतात. कॅमेरे तेव्हा कासारसाईच्या पाण्याकडे वळतात, कारण बदके यायची असतात. माळावर उरते ती वाळलेली काडी आणि जमिनीत पडलेले बी. पुढच्या भाद्रपदापर्यंत त्या जमिनीवर काँक्रीट पडले नाही, तर तेच बी पुन्हा रुजते.